फेफरे : देवाच्या कोपाकडून मेंदूकडे

मंडळी, आज ज्या दुखण्याविषयी सांगायचे आहे त्याला आपल्याकडे नावे पुष्कळ. कुणी फेफरे म्हणतो, कुणी आकडी, कुणी घुरे, कुणी मिरगी. शहरात राहून आलेला 'फीट आली' म्हणतो आणि वैद्यबुवा अपस्मार म्हणतात. एवढी नावे असूनही घरात कुणाला हे दुखणे असले की त्यांतले एकही नाव तोंडातून निघत नाही. 'तिला जरा चक्कर येते' एवढ्यावर भागवतात, आणि मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असली तर तेवढेही कुणी बोलत नाही. देवी, पटकी, प्लेग या मोठ्या रोगांच्या हकीकती आपण खूप ऐकल्या. हा रोग मात्र घराच्या आतल्या खोलीत लपून राहिला, म्हणून त्याचा इतिहासही फारसा कुणी सांगत नाही.

दुखणे दिसायला भयंकर खरे. चांगला धडधाकट माणूस बोलता बोलता ताठ होतो, ओरडतो, कोसळतो. हातपाय झटके देऊ लागतात, डोळे फिरतात, तोंडाला फेस येतो, कधी कपड्यातच लघवी होते. दोन-तीन मिनिटांत सगळे थांबते आणि थोड्या वेळाने तोच माणूस उठून विचारतो, "काय झालं? सगळे असे का बघताय?" हे पाहणाऱ्याला वाटायचे काय? याला कुणी तरी धरले, हेच. आपल्याकडे 'धरलंय' म्हणतात, आणि मौज अशी की ग्रीक लोकांनी या रोगाला जे नाव दिले, ज्यावरून इंग्रजी नाव आले, त्याचाही अर्थ 'पकडणे' असाच आहे. बाबिलोनच्या लोकांनी तीन हजार वर्षांपूर्वी मातीच्या विटांवर या रोगाची लक्षणे कोरून ठेवली, तीही कुठल्या प्रकारच्या झटक्यामागे कुठले भूत, या हिशेबाने. रोममध्ये सभा भरली असताना कुणाला फेफरे आले तर अपशकुन मानून सभाच मोडत. त्यामुळे त्या रोगाला 'सभेचा रोग' असे नाव पडले. उपाय म्हणून तिथले लोक आखाड्यात मारल्या गेलेल्या लढवय्याचे ताजे रक्त पीत. तेव्हा आपल्या गावचा कांदा आणि वहाण त्या मानाने बरीच म्हणायची.

कांद्याचा विषय निघालाच आहे तर तो जरा उलगडूनच पाहू. माणूस पडला की कुणी तरी धावत कांदा आणायला जातो, कुणी पायातली वहाण नाकाशी धरतो, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतो. कांदा सापडून, फोडून, नाकाशी येईपर्यंत दोन मिनिटे होतात. फेफरे आपल्या आपण थांबायला लागणारा वेळही साधारण तेवढाच. मग श्रेय कुणाला? कांद्याला! अशा रीतीने कांद्याची कीर्ती पिढ्यान् पिढ्या टिकली. पाहणाऱ्यांनी पाहिले ते खोटे नव्हते. जोडून पाहण्यात मात्र चूक झाली.

हे जोडणे पहिल्यांदा तपासून पाहिले ते कुणी? आजपासून सुमारे २४०० वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपोक्रॅटिस नावाच्या वैद्याच्या परंपरेत एक छोटासा ग्रंथ लिहिला गेला. त्या काळी तिकडे या रोगाला 'पवित्र रोग' म्हणत, कारण तो देव पाठवतात अशी समजूत होती. ग्रंथकार बिचकत नाही. तो म्हणतो की हा रोग इतर रोगांपेक्षा तिळमात्र अधिक पवित्र नाही. माणसांना त्याचे कारण कळले नाही, म्हणून त्यांनी ते देवावर ढकलले. मग तो मांत्रिकांची झडती घेतो. हे मांत्रिक रोग्याला स्नान बंद करीत, काळे वस्त्र वर्ज्य करीत, बकरीचे मांस खायचे नाही, बकरीच्या कातड्यावर निजायचे नाही, असली पथ्ये सांगत. ग्रंथकार विचारतो, बकरीनेच हा रोग होत असेल तर जे लोक बकरीच्याच कातड्यावर निजतात आणि बकरीच खातात ते निरोगी कसे? आणि बकरी न खाल्ल्याने जर रोग बरा होत असेल, तर मग त्यात देवाचे काय राहिले? आपल्या शाळामास्तरांनी वर्गात वाचून दाखवावा असा हा युक्तिवाद आहे.

पुढे तो सांगतो की रोगाची जागा मेंदू आहे. पुरावा म्हणून म्हणतो, हा रोग झालेल्या बकरीचे डोके फोडून पाहा. मेंदूत पाणी साचलेले दिसेल, त्याला दुर्गंधी येईल. धनगर मंडळींना हे ऐकून काही आठवेल. मेंढरू मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरू लागते आणि शेवटी मरते. त्याच्या मेंदूत पाण्याने भरलेली पिशवी असते, आणि ती पिशवी म्हणजे कुत्र्याच्या आतड्यात वाढणाऱ्या एका पट्टकृमीचे पिल्लू. त्या ग्रीक वैद्याने पाहिलेली बकरी अशीच असावी, असे मानायला जागा आहे. या कृमीची आठवण ठेवा, पुढे त्याचा एक भाऊबंद भेटणार आहे.

आपल्याकडे चरकसंहितेच्या निदानस्थानातला आठवा अध्याय या रोगावर आहे. 'अपस्मार' हे नावच बोलके आहे. स्मृती निघून जाते तो अपस्मार. चरकाने वात, पित्त, कफ आणि तिन्ही मिळून असे चार प्रकार केले, झटका येण्यापूर्वी रोग्याला काय दिसते, काय ऐकू येते तेही नोंदले, आणि औषधे सांगितली. औषध सांगणे म्हणजे हा रोग आहे, नुसती बाधा नव्हे, हे कबूल करणेच होय. नटराजाची मूर्ती तुम्ही पाहिली असेल. शिवाच्या पायाखाली जो बुटका दडपलेला असतो त्याचे नावही अपस्मारच. अज्ञानाचे ते रूप आहे असे सांगतात.

परंतु ग्रंथ ग्रंथात राहिले आणि गावोगावी राज्य चालले ते देवऋष्याचे, भगताचे. तिकडे युरोपातही हीच गत. मधली दोन हजार वर्षे मी सोडून देतो, कारण त्या काळात रोग्यांच्या वाट्याला हालांखेरीज फारसे काही आले नाही.

मग आले १८५७ साल. आपल्याकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटत होता त्याच मे महिन्यात लंडनच्या डॉक्टरांच्या एका सभेत व्हिक्टोरिया राणीचे वैद्य चार्ल्स लोकॉक उठले आणि म्हणाले की पोटॅशियम ब्रोमाइड नावाच्या क्षाराने काही बायकांची फेफरी थांबलेली मी पाहिली आहेत. त्यांनी ते का दिले, तर त्यांच्या समजुतीप्रमाणे या रोगाचे मूळ कामवासनेत होते आणि ब्रोमाइडने ती वासना मंदावते! कारण सपशेल चुकीचे. औषध मात्र लागू पडले. आमच्या कांद्यापेक्षा लोकॉकसाहेबांचा विचार फारसा वरचढ नव्हता, पण एक फरक होता. इतरांनी ते औषध देऊन पाहिले, तपासले, आणि चुकीची समजूत गळून पडल्यावरही औषध टिकले. खरोखर उपयोगी पडलेले ते पहिले औषध. रोगी त्याने सुस्त होत, अंगावर पुटकुळ्या येत, तरी पन्नास-साठ वर्षे तेच चालले.

आता या कथेतला माझा सर्वांत आवडता माणूस. जॉन ह्युलिंग्स जॅक्सन, जन्म १८३५, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्याचा. लंडनच्या क्वीन स्क्वेअर भागात मज्जारोग्यांसाठी जे इस्पितळ निघाले तिथे तो काम करी. याच्याकडे ना विजेचे यंत्र, ना क्ष-किरण. तो फक्त पाहत बसे आणि रोग्याच्या बायकोला, आईला, भावाला विचारीत बसे : झटका सुरू कुठून झाला? त्याच्या ध्यानात आले की काही रोग्यांत झटका अंगठ्यापासून सुरू होतो, मग पंजा, मग दंड, मग चेहरा, असा तो सरकत जातो. पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात शिरावे तसा. जॅक्सनने ताडले की पाणी ज्या क्रमाने वाफे भिजवते त्या क्रमाने वाफे शेजारी शेजारी असले पाहिजेत. म्हणजे मेंदूवर हाताची जागा, तोंडाची जागा, पायाची जागा ठरलेली असली पाहिजे. डोके न उघडता नुसत्या निरीक्षणावर त्याने मेंदूचा नकाशा अंदाजला! १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघा डॉक्टरांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून पाहिला, तर ठरावीक जागी स्पर्श केला की ठरावीक पाय हलला. विद्यापीठात सोय नव्हती म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या राहत्या घरी झाले. १८७३ मध्ये जॅक्सनने लिहिले की फेफरे म्हणजे मेंदूच्या करड्या भागातून एकाएकी, अति जोराने होणारा विसर्ग होय. आजची व्याख्या याहून फार वेगळी नाही. तीन वर्षांनी त्याची बायको मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीने गेली, आणि जाण्यापूर्वी तिला जे झटके येत होते ते नेमके त्याने वर्णिलेल्याच जातीचे होते.

विसर्ग म्हणजे काय, ते दिसायला आणखी पन्नास वर्षे लागली. जर्मनीतल्या येना गावचा हान्स बर्गर तरुणपणी फौजेत असताना घोड्यावरून तोफेच्या गाड्यापुढे पडला आणि थोडक्यात वाचला. त्याच दिवशी दूर घरी त्याच्या बहिणीच्या मनात आले की भावावर काही तरी संकट आहे, आणि तिने वडिलांना तार करायला लावली. बर्गरने हे मनावर घेतले. एका मनाची हाक दुसऱ्याला पोचते ती कशाने, हे शोधायचेच, असा त्याने ध्यास धरला. ती हाक त्याला कधी सापडली नाही. पण १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची क्षीण वीज त्याने पहिल्यांदा टिपली. पाच वर्षे त्याने हे कुणाला सांगितले नाही. १९२९ मध्ये छापले, तर लोकांना खरे वाटेना. १९३४ साली केंब्रिजच्या एड्रियनने तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा सगळ्यांची खात्री पटली. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरी फेफऱ्याच्या रोग्यांच्या विजेच्या रेघा काढल्या गेल्या. शाळेत मुले आपापला धडा वाचत असतात तेव्हा बाहेर नुसता गलबला ऐकू येतो. निरोगी मेंदूची रेघ अशीच, बारीक आणि अस्ताव्यस्त. समजा सगळी मुले एकाच तालात एकदम ओरडू लागली, तर शाळा चालेल काय? फेफऱ्यात मेंदूच्या लक्षावधी पेशी तशा एका तालात ओरडतात. कागदावर रेघेचे मोठमोठे उंचवटे उठतात. ते पाहिल्यावर कुठल्या भुताचे नाव घेणार? बर्गरने मात्र १९४१ साली खिन्नतेच्या भरात आत्महत्या केली.

औषधांची हकीकतही ऐकण्याजोगी आहे. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तरुण डॉक्टर फेफऱ्याच्या रोग्यांच्या खोल्यांजवळ राहत असे. रात्री कुणी ना कुणी धाडकन पडे आणि याची झोप मोडे. म्हणून झोपेचे एक नवे औषध, फेनोबार्बिटल, त्याने रोग्यांना देऊन पाहिले, असे सांगतात. रात्रीचे झटके कमी झाले यात नवल नव्हते. दिवसाचेही कमी झाले. आपल्याकडे हे औषध पुष्कळांना 'गार्डिनल' या नावाने ठाऊक आहे. शंभर वर्षे उलटली तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, आणि स्वस्त आहे. हाउप्टमान ज्यू होता. नाझींच्या राज्यात त्याला देश सोडून अमेरिकेला जावे लागले. १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन काढले. मांजरांना विजेने झटका आणून, एकेक रसायन देऊन ते तपासत गेले. या रोगावर ठरवून शोधलेले ते पहिले औषध, आणि त्याने गुंगी फारशी येत नाही हा मोठा फायदा.

काहींचे फेफरे औषधाला दाद देत नाही. कॅनडातल्या माँट्रियल शहरी वाइल्डर पेनफिल्ड नावाचा शस्त्रवैद्य अशा रोग्यांचा मेंदू रोगी जागा असतानाच उघडी. ऐकून अंगावर काटा येतो. पण मेंदूला स्वतःला वेदना नसते. विजेच्या सुईने एकेक जागा स्पर्शून तो रोग्याला विचारी, काय वाटते? रोगी सांगे, बोट हलले, जीभ मुंग्यावली. बोलण्याची जागा वाचवायची आणि रोगट जागा तेवढी काढायची. याच पेनफिल्डकडे शिकलेले डॉ. जेकब चंडी १९४९ साली वेल्लोरला आले. मेंदूच्या शस्त्रक्रियेचा देशातला पहिला विभाग त्यांनी तिथे उभारला आणि १९५२ साली फेफऱ्यावरची शस्त्रक्रिया केली.

शस्त्रक्रियेच्या या काळातच एक गोष्ट घडली, जिने जगाला फार शिकवले आणि एका माणसाचे मात्र नुकसान केले. अमेरिकेतला हेन्री मोलेसन हा २७ वर्षांचा तरुण फेफऱ्याने हैराण झाला होता. १९५३ साली डॉ. स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा आतला भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून नवी आठवण म्हणून त्याच्या मनात टिकेना. जेवल्याचे स्मरण नाही, भेटलेल्या माणसाची ओळख नाही. ब्रेंडा मिलनर या बाईंनी त्याला वर्षानुवर्षे तपासले. त्यांनी त्याला आरशात पाहून चांदणीची आकृती गिरवायला दिली. हे काम अवघड, करून पाहा. तीन दिवसांत हेन्रीचा हात सफाईने चालू लागला, पण आपण हे पूर्वी कधी केले आहे हे त्याला एकदाही आठवले नाही! म्हणजे डोक्यात राहणारी आठवण निराळी आणि हाताला बसणारी सवय निराळी. शिक्षकांनी याचा विचार करावा. सुतारकी, पोहणे, अक्षराचे वळण हे तोंडी सांगून का येत नाही, आणि एकदा आले की का जात नाही, त्याचे उत्तर इथे आहे. हेन्री २००८ साली, ८२ वर्षांचा होऊन वारला. जिवंतपणी ग्रंथांतून त्याच्या नावाची फक्त आद्याक्षरे छापली जात.

आता तो कृमी. १९३० नंतरच्या काळात लंडनच्या लष्करी इस्पितळातल्या मॅकआर्थर या डॉक्टराला दिसले की हिंदुस्थानात नोकरी करून परतलेल्या गोऱ्या शिपायांना प्रौढ वयात एकाएकी फेफरी येऊ लागतात. तपासता तपासता त्यांच्या मेंदूत पट्टकृमीच्या पिशव्या निघाल्या. १९६१ साली अशा ४५० रोग्यांचा अहवाल छापला गेला. हा कृमी डुकराचा. डुकराचे कच्चे मांस खाणाऱ्याच्या आतड्यात तो वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, आणि उघड्यावरच्या घाणीतून, घाणीच्या पाण्यावर पिकलेल्या भाजीतून, न धुतलेल्या हातांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. या दुसऱ्याने जन्मात मांसाला हात लावलेला नसेल, तरी पिल्लू त्याच्या मेंदूत जाऊन बसते. आपल्या देशात फेफऱ्याचे हे एक मोठे कारण आहे. माळकऱ्याला हा रोग कसा झाला म्हणून लोक बुचकळ्यात पडतात आणि उतारा टाकतात. कोथिंबीर कुठल्या पाण्याने धुतली हे कुणी विचारत नाही. डोक्याला मार, बाळंतपणात गुदमरलेले मूल, मेंदूज्वर ही आणखी कारणे. पुष्कळांत कारण सापडतही नाही.

कायद्यानेही या रोग्यांशी फार बरे केले नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात आधी फेफऱ्याचा उल्लेखच नव्हता. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि तिने वारंवार वेड लागणे व वारंवार फेफरे येणे ही दोन्ही एका ओळीत बसवून विवाहाला बाधक ठरवली. म्हणजे औषध हाताशी असताना, शास्त्र पुढे गेले असताना, कायदा मागे गेला! ती दोन अक्षरे काढायला डॉक्टरांना आणि रोग्यांच्या संघटनांना झगडावे लागले, आणि १९९९ च्या अखेरीस ती निघाली. मधली तेवीस वर्षे किती सुनांना या कलमावर माहेरी धाडले, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी झटले, तो त्यांचा ऑगस्ट २०१३ मध्ये पुण्यात खून झाल्यावर आधी अध्यादेशाने आणि मग त्याच वर्षी विधिमंडळात मंजूर होऊन आला. त्याच्या अनुसूचीत पहिल्याच कलमात लिहिले आहे की भूत उतरवण्याच्या नावाखाली साखळीने बांधणे, चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे, पादत्राण भिजवलेले पाणी पाजणे हा गुन्हा आहे. कायद्यात असे लिहावे लागले ते उगीच नव्हे.

जगात आज सुमारे ५ कोटी माणसांना हा रोग आहे. नीट औषध मिळाले तर शंभरांतल्या सत्तरजणांचे झटके थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोळी मात्र नेमाने घ्यायची. बरे वाटते म्हणून, किंवा मूल व्हायचे आहे म्हणून, आपल्या मनाने सोडायची नाही, डॉक्टरला विचारायचे. झटका आला तर रोग्याला कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी केलेले उपरणे ठेवा, जवळची विळी, चूल, दगड दूर करा, गळ्याशी कपडा सैल करा. हातपाय दाबून धरू नका. दातांत चमचा, लाकूड काही घालू नका. जीभ गिळली जात नाही, दात मात्र मोडतात. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका. आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटे झाली तरी झटका थांबला नाही, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर १०८ ला फोन लावून गाडी बोलवा.

शिक्षकांना एक जास्तीचे काम आहे. वर्गात एखादे मूल मधूनच पाच-दहा सेकंद टक लावून बसते, पापण्या फडफडतात, हाक मारली तर ओ देत नाही, आणि लगेच पुन्हा लिहू लागते. दिवसातून कितीदा तरी हे होते. मास्तर म्हणतात, लक्ष नाही, आणि छडी उचलतात. ते मूल पडत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. पण हेही फेफरेच असू शकते आणि गोळीने ते बहुधा बरे होते. अशा मुलाच्या आईबापांना एकांतात बोलावून सांगा. आणि मोठा झटका तुमच्यासमोर आला तर नंतर वहीत लिहून ठेवा : सुरुवात उजव्या हाताने झाली की डाव्या, मान कुठे वळली, किती मिनिटे चालला. जमले तर मोबाइलवर चित्रण करा, पण ते आईबापांच्या संमतीने डॉक्टरलाच दाखवण्यासाठी, गावभर फिरवण्यासाठी नव्हे. सरकारी इस्पितळातला डॉक्टर तुम्हाला पहिला प्रश्न तोच विचारील जो जॅक्सन विचारीत असे, आणि रोग्याला स्वतःला त्याचे उत्तर देता येत नसते.